एक्केचाळीस व्हायल: प्रयोगशाळेत परतलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या बाईंचं नाव देत नाही. विभागात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, इथंही तेच चालेल. संस्था दोन आहेत, दोन्ही मुंबईच्या उपनगरांतल्या, आणि त्यांचीही नावं गाळली आहेत. मी यात तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. खंड पडल्यानंतर मॅडमनी ज्या प्राध्यापिकेकडे काम केलं ती मी. यातला एक चुकीचा सल्लाही माझाच आहे.

पार्श्वभूमी

मॅडम डोंबिवलीत वाढल्या आणि लग्नानंतरही डोंबिवलीतच राहिल्या. फक्त पूर्वेकडून पश्चिमेला गेल्या. एमएस्सी फिजिक्स झाल्यावर त्यांनी पीएचडीला विषय घेतला तो मँगॅनीज डोप केलेल्या, म्हणजे थोडासा मँगॅनीज मिसळलेल्या, झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांचा. २००१ साली केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नॅनोविज्ञानासाठी पहिला स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला होता. आमच्याकडे 'नॅनो' हा शब्द अजून रुळायचा होता. घरी सांगताना मॅडम 'खूप बारीक पावडर' एवढंच म्हणत, आणि सासूबाई शेजारणीला 'सूनबाई पावडरीत पीएचडी करतेय' म्हणून सांगत.

ही पावडर तीनेक नॅनोमीटरची. एवढ्याशा कणात साधारण सातशे अणू मावतात आणि त्यातले पुष्कळसे पृष्ठभागावरच असतात. म्हणून कण कसा बनवला, कशानं झाकला, किती दिवस ठेवला, या सगळ्याचा परिणाम त्याच्या प्रकाशावर होतो. मँगॅनीज नीट आत बसला असेल, तर यूव्ही दिव्याखाली तो नारिंगी चमकतो, ५९० नॅनोमीटरच्या आसपास. स्फटिकात सल्फरच्या जागा रिकाम्या राहिल्या तर निळसर उजेड वाढतो. मॅडमचे नमुने असे नारिंगी होते की दिवा लावला की शेजारच्या लॅबमधली मुलं बघायला यायची.

कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्या मर्कॅप्टोइथेनॉल वापरत. त्याचा वास कुजलेल्या अंड्यांच्या जवळपासचा, आणि तो हातमोजे घालूनही केसांत जाऊन बसतो. संध्याकाळी लेडीज डब्यात एखादी बाई हमखास म्हणायची, 'गॅस लीक झालाय का गं कुठं?' मॅडम खिडकीबाहेर बघत बसायच्या.

पीएचडीअखेर त्यांच्याकडे ४१ व्हायल, म्हणजे नमुन्यांच्या छोट्या काचेच्या बाटल्या, होत्या. प्रत्येकीवर मार्करनं क्रमांक, तारीख आणि मँगॅनीजचं प्रमाण. एका खोक्यात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात.

अडचण

प्रबंध गेल्यावर त्यांनी मुख्य निष्कर्षांचा शोधनिबंध एका चांगल्या जर्नलला पाठवला. परीक्षकाचा शेरा आला तेव्हा त्यांना सहावा महिना होता. शेरा वाजवी होता: मँगॅनीज खरोखर स्फटिकाच्या आत आहे की पृष्ठभागाला चिकटलाय, ते ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) मोजमापानं दाखवा, आणि तेही याच नमुन्यांवर. (विखुरलेल्या मँगॅनीजचे ईएसआरमध्ये सहा रेषांचे ठळक पट्टे दिसतात. मँगॅनीज एकत्र गोळा झाला असेल तर त्या रेषा एकमेकींत मिसळून एक रुंद फुगवटा उरतो.) मुदत तीन महिने. मार्गदर्शक सर म्हणाले, 'आता कुठं धावपळ करतेस, बाळंतपण होऊ दे, मग बघू.' सर मायेनंच म्हणाले. पण मुदत टळली आणि निबंध आपोआप बंद झाला.

मुलगी झाली. पुढच्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. एक वर्षाचा खंड चार वर्षांवर गेला. तोवर सर निवृत्त होऊन गावी गेले होते.

२००७ मध्ये मॅडम जुन्या विभागात गेल्या तेव्हा फडताळ रंगवलेलं होतं आणि रिकामं होतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या भेटीआधी साफसफाई झाली होती. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असलेली मोडकी पीएच मीटरंसुद्धा जपून ठेवलेली होती, कारण ती निर्लेखित झाली नव्हती, म्हणजे नोंदीतून रीतसर काढली गेली नव्हती. व्हायलींची नोंद कुठेच नव्हती. त्या कचऱ्यात गेल्या. तीन वह्यांपैकी दोन मिळाल्या. तिसरी, ज्यात शेवटच्या आठ महिन्यांचं काम होतं, ती मिळाली नाही.

मॅडमचा त्या दिवशीचा फोन मला आठवतो. त्या रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, 'शेजारी कॉपर सल्फेटची बाटली होती ना, ती आहे अजून.'

खंड पडलेल्या स्त्रियांबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा वयाबद्दल आणि निबंधांच्या संख्येबद्दल. प्रायोगिक भौतिकशास्त्रात आणखी एक गोष्ट जाते: ज्यावर मोजमाप करायचं ती वस्तूच. सैद्धांतिक काम करणारी बाई चार वर्षांनी वही उघडून बसू शकते. हिच्याकडे वहीसुद्धा पुरती नव्हती.

समोरचे पर्याय, पहिला टप्पा

तेव्हा समोर तीन वाटा होत्या. एक म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. लगेच मिळण्यासारखं, पण संशोधन बंद. दुसरी, मिस्टरांच्या कंपनीनं बंगळूरुला बदली देऊ केली होती. तिकडं जाऊन नव्यानं सुरुवात करायची. सासूबाईंना हलवणं अशक्य होतं, त्यामुळे ही वाट फार बोलण्याआधीच बंद झाली. तिसरी, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना. खंड पडलेल्या स्त्रियांसाठीच ती २००२-०३ मध्ये सुरू झाली होती. तीन वर्षं फेलोशिप आणि थोडा संशोधन खर्च मिळायचा, पण यजमान संस्था आणि तिथला एक मार्गदर्शक आपला आपण शोधावा लागायचा.

यजमान म्हणून मी होकार दिला. त्याच वर्षी केंद्रानं पाच वर्षांसाठी १,००० कोटींचं नॅनो मिशन जाहीर केलं होतं आणि सगळीकडे नॅनोचा सुकाळ येणार अशी हवा होती. माझ्या लॅबमध्ये एक जुना स्पेक्ट्रोमीटर, एक ओव्हन, एक सेंट्रिफ्यूज आणि गळका फ्यूम हूड होता. हवा आणि लॅब यांतलं हे अंतर मॅडमना मी आधी दाखवलं, मग सही केली.

समितीपुढे सादरीकरणात एका सदस्यानं विचारलं, 'मुलगी लहान आहे, जमेल का?' मॅडमचं उत्तर: 'चार वर्षांची आहे. फेलोशिप संपेल तेव्हा सात वर्षांची असेल.' योजना मंजूर झाली.

खरी अडचण

मॅडमनी दोन वह्यांतून कृती बाहेर काढली आणि नमुने पुन्हा बनवायला घेतले. झिंक आणि मँगॅनीजची क्लोराइडं, मर्कॅप्टोइथेनॉल, वरून थेंब थेंब सोडियम सल्फाइड. पांढरा साका, धुणं, वाळवणं. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे.

जुलैच्या शेवटी पहिली व्हायल दिव्याखाली धरली. निळसर. नारिंगी होतं, पण निळ्याच्या आड, बारीकसं. दुसरा, पाचवा, अकरावा नमुना, सगळे तसेच. एकदा दिवा माझ्याच हातात होता. मी तो जवळ नेला, लांब नेला, जणू काही अंतरानं रंग बदलणार होता. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी व्हायलीवर क्रमांक टाकला आणि खोक्यात ठेवली.

फेलोशिपचे चौदा महिने संपेपर्यंत हे असंच चाललं. मध्येच हिवाळ्यात दोन नमुने बरे आले, मग पुन्हा बिघडले. जुना निष्कर्ष खोटा होता का, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. पण विभागाच्या चहाच्या टेबलावर तो होताच.

समोरचे पर्याय, दुसरा टप्पा

इथं थोडं थांबते, कारण निर्णयाची खरी जागा ही आहे.

एका ज्येष्ठांनी सुचवलं की जुन्या प्रबंधातले प्रकाशाचे आलेख घ्या, नव्या नमुन्यांचा ईएसआर त्याला जोडा, कृती तर एकच आहे. त्यांना यात गैर वाटत नव्हतं. मॅडमनी 'नाही सर' एवढंच म्हटलं आणि विषय संपवला. तो संपलाही. पण असे सल्ले किती सहज आणि किती प्रेमानं दिले जातात, ते नव्या मुलींना सांगायला हवं.

दुसरा पर्याय होता विषय बदलण्याचा. तो मी मांडला आणि बराच जोर लावून मांडला. तेव्हा कडुलिंब, तुळस, जे पान हाताला लागेल त्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करण्याची लाट होती. पिवळट-तपकिरी रंग आला, ४२० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचा उंचवटा दिसला, दोन सूक्ष्मदर्शकाची चित्रं जोडली की निबंध तयार. मी म्हटलं, 'उरलेल्या बावीस महिन्यांत तीन निबंध होतील, नोकरीच्या मुलाखतीत तेच मोजतात.' हिशोब बरोबर होता. नोकरीच्या बाजारात तो आजही बरोबर ठरेल.

तिसरा पर्याय, आत्ताचे फिके नमुनेच प्रामाणिकपणे छापायचे. पण फिके का आले हे सांगता येत नसेल तर छापायचं काय?

चौथा, कारण शोधायचं. वेळेची खात्री नाही, निबंधाचीही नाही.

मॅडमनी चौथा पर्याय घेतला आणि मला राग आला, हे लिहून ठेवते. त्यांनी एक तडजोड केली: आठवड्याचे चार दिवस झिंक सल्फाइड, एक दिवस झिंक ऑक्साइडचं साधं काम, म्हणजे हात अगदी रिकामे राहणार नाहीत.

काय केलं

आधी पाणी बदललं, मग झिंकची बाटली, मग ढवळण्याचा वेग. फरक नाही. दोन महिने गेले. मग मॅडमच्या लक्षात आलं की जुन्या लॅबमध्ये त्यांनी रसायनं स्वतः कधी आणलीच नव्हती. लॅब अटेंडंट टेबलावर आणून ठेवत. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा निवृत्त होऊन लालबागला चाळीत राहत होते.

आम्ही दोघी गेलो. मामांनी चहा केला, प्रबंधाची प्रत हातात घेतली, आभाराच्या पानावर आपलं नाव वाचलं. मग मॅडमनी कृती सांगायला सुरुवात केली. सोडियम सल्फाइडपाशी मामांनी हात वर केला.

'मोठ्या बाटलीतलं घेता?'

'हो मामा.'

'पावसाळ्यात?'

सोडियम सल्फाइड हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या जुलैत उघडी बाटली दोन दिवसांत ओलीचिंब होते. शिवाय हवेतल्या ऑक्सिजननं त्यातलं सल्फाइडही हळूहळू कमी होतं. हे पुस्तकात असतं, मलाही माहीत होतं. मामा नवी बाटली आली की त्याच दिवशी ती छोट्या छोट्या बाटल्यांत भरून, तोंडाला मेण लावून डेसिकेटरमध्ये (आतलं कोरडं ठेवणाऱ्या काचेच्या डब्यात) ठेवत आणि मॅडमना दर वेळी नवी छोटी बाटली देत. वहीत लिहिलं होतं 'सोडियम सल्फाइड, इतके ग्रॅम'. मेणाचा उल्लेख नव्हता, कारण मॅडमनी मेण कधी पाहिलंच नव्हतं.

'मामा, कधी बोलला नाहीत.'

'तुम्ही विद्यार्थी. काच फोडू नका एवढं सांगायचं, बाकीचं आमचं काम.'

परत आल्यावर मी माझ्या डेसिकेटरचं झाकण काढलं. आतली सिलिका जेल गुलाबी होती. कोरडी असते तेव्हा ती निळी असते. किती दिवस गुलाबी होती कोण जाणे. रोज तिच्यावरून हात फिरवून मी बाटल्या काढत होते.

रसायनशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांनी टायट्रेशन करून, म्हणजे त्यातलं सल्फाइड मोजून दिलं. मोजून घेतलेल्या वजनात सल्फाइड अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. सल्फर कमी पडला की स्फटिकात जागा रिकाम्या राहणार आणि निळा उजेड वाढणार, हे जुळत होतं. मग मॅडमनी जून ते डिसेंबर एक मालिकाच केली. दर महिन्याला दोन नमुने, एक मेण लावलेल्या बाटलीतून, एक उघड्या बाटलीतून. मेणवाले नारिंगी. उघड्या बाटलीतले महिन्यागणिक निळे होत गेले.

ईएसआर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांसाठी पवईच्या आयआयटीतली सैफ ही सामायिक सुविधा होती. बाहेरच्या संस्थांना शुल्क भरून तिथं मोजमाप करून मिळतं. आमच्यासारख्या लॅबचं अर्धं संशोधन अशा केंद्रांवर उभं असतं. मॅडम थर्मोकोलच्या डब्यात व्हायल घेऊन कांजूरमार्गला उतरत आणि शेअर रिक्षानं जात. सूक्ष्मदर्शकासाठी तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर एक थेंब वाळवायचा. नमुना नीट धुतलेला नसेल तर इलेक्ट्रॉनच्या झोताखाली काळा डाग वाढत जातो आणि नंबर फुकट जातो. पहिला नंबर असाच गेला. दुसऱ्या वेळी त्या डाळ धुतात तसं सात वेळा धुऊन आल्या. ईएसआरच्या आलेखात सहा रेषा मिळाल्या, स्वच्छ.

दरम्यान एका अनुदानित कॉलेजची जाहिरात आली. कायमस्वरूपी जागा, घरापासून वीस मिनिटांवर. रुजू झालं की फेलोशिप सोडावी लागणार. आठ महिने शिल्लक होते आणि निबंध लिहायचा बाकी होता. थांबावं तर पुढची जाहिरात कधी येईल सांगता येत नव्हतं. इथं मात्र मॅडमनी फार विचार केला नाही. एका रविवारी मुलीला कुशीत घेऊन त्यांनी मला फोन केला: 'जॉइन करते. निबंध मी रात्री लिहीन.'

काय झालं

निबंध वर्षभरानं छापून आला, मधल्या दर्जाच्या जर्नलमध्ये. शीर्षकात सोडियम सल्फाइडचं साठवण असल्यानं फार कुणी वाचला नाही. आभारात मामांचं नाव होतं, ते मॅडमनी प्रत घेऊन लालबागला जाऊन दाखवलं. पहिल्या जर्नलला जो निबंध जायचा होता, तो तसा कधीच झाला नाही.

कॉलेजात आठवड्याला सोळा तास शिकवणं, वर परीक्षा, वर प्रवेश समिती. २०१० च्या यूजीसी नियमांनंतर बढतीसाठी गुण मोजायला लागले. त्या गुणतक्त्यात चौदा महिने नारिंगी रंग शोधण्याला रकाना नव्हता. सहयोगी प्राध्यापकपद त्यांना त्यांच्या बरोबरच्यांपेक्षा उशिरा मिळालं. चांदीचे नॅनोकण केले असते तर बहुधा लवकर मिळालं असतं. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. 'मिळालं असतं,' त्या म्हणाल्या आणि पेपर तपासत राहिल्या.

२०२३ साली क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे अशाच काही नॅनोमीटरच्या कणांच्या, शोधासाठी आणि ते बनवण्याच्या कामासाठी बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातलं बावेंडींचं १९९३ चं काम म्हणजे सगळे कण एकाच मापाचे देणारी, पुन्हा पुन्हा करता येणारी कृती. मॅडमनी त्या संध्याकाळी मला फक्त एक फोटो पाठवला, मेण लावलेल्या छोट्या बाटलीचा.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त गोष्ट पहिल्या टप्प्यावर होती. सहाव्या महिन्यात मॅडमनी स्वतः पवईला जायची गरज नव्हती. नमुने कुरियरनं किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर पाठवता आले असते आणि जर्नलला मुदतवाढीचं एक पत्र लिहिता आलं असतं. सरांनी 'मग बघू' म्हटलं त्याऐवजी 'कोणाला पाठवू?' विचारलं असतं, तर निबंध त्याच वर्षी पूर्ण झाला असता. विश्रांती द्यायची म्हणून आपण कामच थांबवतो, ही सवय मी माझ्यातही पाहिली आहे.

नंतर नियम सुधारले. २०१६ च्या यूजीसी नियमांनी पीएचडी करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा दिली. २०१७ पासून कायद्यानं पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण यांतला एकही नियम फडताळाबद्दल बोलत नाही. रजेवर जाणाऱ्या मुलीचे नमुने, वह्या आणि तिची नोंदणी कोण सांभाळणार, हे लिहून घेण्याची पद्धत आमच्याकडे अजून नाही.

माझ्या बाजूनं: मी विषय बदलण्याचा आग्रह धरला त्याआधी माझा स्वतःचा डेसिकेटर उघडून बघायला हवा होता. आणि मामांकडे सोळाव्या महिन्यात नाही, पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. कृती वहीत असते असं मी धरून चालले.

मॅडमबद्दल माझं एकच म्हणणं आहे, आणि ते त्यांना मान्य नाही. आठ महिने आधी फेलोशिप सोडण्याऐवजी कॉलेजकडे रुजू होण्यासाठी मुदत मागून पाहायला हवी होती. त्या म्हणतात, मागितली असती तर जागा दुसऱ्याला गेली असती. कदाचित खरंही असेल. ज्यानं जाहिरातींची वाट पाहिलेली नाही, त्यानं यावर फार बोलू नये.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींना १९३३ साली बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता आणि पुढं त्याच बाई मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, ही गोष्ट आम्ही दर महिला दिनाला सांगतो. मॅडमना कुणी प्रवेश नाकारला नव्हता. त्यांची गोष्ट महिला दिनाला सांगायला गेलं तर त्यात खलनायकच सापडत नाही, रंगवलेलं फडताळ तेवढं सापडतं.

मागच्या वर्षी मॅडमची विद्यार्थिनी बाळंतपणाच्या रजेवर गेली. जाण्याआधी दोघींनी तिच्या व्हायल मोजल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि मॅडमनी त्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवायला घेतल्या. हेडक्लार्क म्हणाले, 'मॅडम, हे कन्झ्युमेबल आहे, इथं चढत नाही.' अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि विचारलं, 'बरं, किंमत काय लिहू?'

'प्रत्येकी एक रुपया,' मॅडम म्हणाल्या. 'म्हणजे टाकायच्या आधी माझी सही लागेल.'